लुप्त जमातीचा पंप

मी पंप बोलतोय. टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवणारा, बिडाचा, हिरवा रंग दिलेला. घाई नाही, सावकाश सांगतो. पण एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. मी लुप्त झालेलो नाही.

हे सांगायची वेळ आली, कारण आजवर सहा कॉम्प्युटर गेममध्ये मला पुरून झालंय. एकदा बर्फाखाली सापडलो, एकदा समुद्राच्या तळाशी, एकदा तर कुठल्याशा चंद्रावर. दर वेळी कथा तीच. हजारो वर्षांपूर्वी एक महाज्ञानी जमात होती, ती नाहीशी झाली आणि मागे मी उरलो. मला कोणी घडवलं, मी कसा चालतो, कोणालाच ठाऊक नाही. अहो, ठाऊक नाही कसं? मला चालवणारे आमचे मिस्त्री जेवायला गेले होते. अर्धा तास थांबायचं आणि विचारायचं.

मिस्त्रींची मुलगी गेम बनवणाऱ्या ऑफिसात चित्रं काढते. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती आली आणि चारी बाजूंनी माझे फोटो काढून गेली. मिस्त्री मला रोज पुसायचे, त्यामुळे मी फारच स्वच्छ निघालो. मग तिनं कॉम्प्युटरवर मला शेवाळ लावलं. कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी खोडली. झडपेवर मिस्त्रींनी खडूनं लिहिलं होतं, 'उलटी फिरते', तेही पुसलं. प्राचीन जमात खडूनं कशाला लिहील! पुढं नवा गेम निघाला की तिथली माणसं मलाच बाहेर काढायची, रंग बदलायची आणि दुसरीकडं पुरायची.

सहावा गेम तिनं इथं लॅपटॉपवर आणून दाखवला. नायक आला, त्यानं माझ्यावर तळहात ठेवला, मी निळा उजळलो आणि सुरू झालो. मिस्त्री स्क्रीनकडं वाकले.

"बोटं जातील त्याची," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि ही जमात गेली कुठं?"

"लुप्त झाली, बाबा. गेममध्ये तसंच असतं."

"सगळीच? शिकवायला एकही उरला नाही? का कोणी विचारलंच नाही?"

तिनं लॅपटॉप मिटला. महिनाअखेर मिस्त्री निवृत्त होणार होते. पाणीखात्याच्या साहेबांनी कळवलं होतं, हे जुनं मशीन दुसऱ्या कोणाला येत नाही, तेव्हा पंपाच्या पाणीघराला कुलूप लावू. टेकडीवरच्या घरांनी टँकरची वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून आली. मिस्त्री हात धुवायला गेले तेवढ्यात तिनं बटण दाबलं. मी गरगर फिरलो, पण कोरडाच. तापलो, किंचाळलो. मिस्त्रींनी धावत येऊन बंद केलं. रागावले नाहीत. बादली तिच्या हातात दिली.

"आधी त्याला पाज. मग त्याच्याकडं माग."

माझ्या डोक्यावरचं बूच काढायचं, पोट काठोकाठ भरायचं, हवा निघू द्यायची, मग बटण, मग झडप हळूहळू. एवढंच माझं महाज्ञान. चार बादल्या पाणी आणि थोडा धीर. फक्त मी पाणी धरलं की आत हवा राहिली, हे आवाजावरून ओळखायला तिला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत बापलेक एकमेकांशी जेवढं बोलले, तेवढं नऊ वर्षांत बोलले नसतील.

साहेब कुलूप घेऊन आले तेव्हा मिस्त्री मुद्दाम हाताची घडी घालून स्टुलावर बसले. मुलीनं मला सुरू केलं. पाइप थरथरला, पाणी चढलं.

"पण तुम्ही आमच्या नोकरीत नाही," साहेब म्हणाले.

"नाहीच. म्हणून तर तुम्हाला शिकवायला आलेय. बाह्या सारा, साहेब."

साहेबांनी पहिल्या खेपेला बूट भिजवले, दुसऱ्या खेपेला हवा तशीच ठेवली. तिसऱ्या खेपेला मी पाणी धरलं. त्यांनी कुलूप खिशात घातलं आणि त्याच आठवड्यात दोन ऑपरेटर शिकायला पाठवले.

सातव्या गेमसाठी तिच्या वरिष्ठांनी पुन्हा मला मागितलं. मशीन हवं तर ते चालवणारी त्या जमातीतली एक म्हातारीही गेममध्ये घ्यावी लागेल, आणि ती जिवंत असेल, असं तिनं सांगितलं. भांडण अजून मिटलेलं नाही. मिटवायची तिला घाईही नाही.

मी इथंच आहे, चालू आहे. माझ्यात गूढ आहे असं ज्याला वाटतं, त्यानं समोर येऊन म्हणावं. वयोमानानं दांड्यापाशी जरा गळतो. येताना तेवढं गळती थांबवायचं पॅकिंग घेऊन या.