घडीखालचा मजकूर

मी मृत्यूचा दाखला बोलतोय. दचकू नका. माझं नाव काढलं की लोक हात मागे घेतात, त्याची मला सवय आहे. पण आज तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेला आहे, म्हणून बोलायचं धाडस करतोय.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका सरकारी कचेरीत झाला. खरं तर मी नक्कल. माझा मूळ कागद १९९३ सालचा आणि तो तिथेच कपाटात आहे. त्या साली बाणकोटचा मन्सूर परकार नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण तिथे एका पेट्रोल पंपावर कामाला होता. एका दुपारी खोलीकडे जाणारा जिना चढताना तो कोसळला आणि तिथेच गेला. ओळखीच्या चार माणसांनी त्याला तिकडच्याच कब्रस्तानात दफन केलं. बाणकोटला फक्त फोन आला.

मला मागवलं ते सुमैय्यानं. ही मन्सूरच्या धाकट्या भावाची, तय्यबची मुलगी. अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत वाढली, आता एका ऑफिसात अकाउंट्स बघते. तिला घराण्याची वंशावळ करायचं खूळ लागलं आहे. अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव असं सगळं असतं, हे तिनं कुठेतरी वाचलं आणि अर्ज केला. असा कागद ते वाटेल त्याला देत नाहीत. म्हणून अर्जावर मन्सूरच्या आईची, आता तय्यबकडेच राहणाऱ्या ताजबीची सही घेतली. त्या सहीच्या जोरावर मी विमानात बसलो. वाटेत मला पाण्याची भीती वाटली, हरवायची भीती वाटली. खरी भीती कशाची असते ते तेव्हा मला माहीतच नव्हतं.

माझी रचना आधी समजून घ्या. माझ्या वरच्या अर्ध्या भागात नाव, गाव, आईबाप, जन्मतारीख. ही सगळी ऐकीव माहिती. मन्सूरच्या खोलीत राहणाऱ्या एका पंजाबी मुलानं आठवेल तसं सांगितलं आणि कारकुनानं लिहून घेतलं. खालच्या अर्ध्या भागात मरणाचं कारण. ते डॉक्टरनं स्वतः शरीर उघडून, डोळ्यांनी बघून लिहिलं आहे. गंमत अशी की वंशावळवाल्यांचा सगळा जीव माझ्या वरच्या भागात अडकलेला असतो.

मी आलो त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर घरच्यांची नुसती झुंबड उडाली होती.

"ही तारीख चूक आहे," ताजबी म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही, सुमैय्या वाचून दाखवत होती. "माझा मन्सूर रमजानात झाला. आणि माझं माहेर मुल्लांचं. हे काय लिहिलंय? मिल्लर?"

"मिलर, दादी! यू आर अ‍ॅन अमेरिकन!" सोळा वर्षांचा रुहान, सुमैय्याचा भाऊ, पोट धरून हसला. ताजबीसुद्धा हसली. लेकाच्या मरणाचा कागद समोर ठेवून आई हसते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला या घराविषयी माया वाटू लागली.

मग सुमैय्याचं बोट माझ्या खालच्या भागाकडे सरकलं. ताजबीनं पंजा पसरून माझ्यावर ठेवला.

"बस. खालचं नको."

"दादी, सिर्फ मेडिकल डिटेल्स आहेत."

"मला ठाऊक आहे काय आहे. त्यांनी माझ्या लेकाला चिरला. आपल्यात मयताला धुवायचं तरी हलक्या हातानं धुतात, आणि त्यांनी कुणालाही न विचारता त्याला उघडला. ते मला ऐकायचं नाही. वेळ आली होती, गेला. मरणाला कारण विचारू नये."

तय्यबनं मुलीला डोळ्यांनी खुणावलं, "खलास, बेटा. अम्मी नाही म्हणते ना?" सुमैय्यानं मला मधोमध दुमडलं, वरचा भाग दिसेल असं प्लास्टिकच्या खिशात घातलं आणि वंशावळीच्या फाईलीत लावून टाकलं. हॉलमधल्या काचेच्या कपाटात माझी जागा ठरली. आजीचा मान राखला, यात तिचं काय चुकलं? पण माझं तोंडच बंद झालं.

त्या घडीखाली काय आहे ते तुम्हांला सांगतो. पहिल्या ओळीत लिहिलंय, हृदय अचानक बंद पडलं. दुसऱ्या ओळीत, ते कशामुळे: हृदयाचा स्नायू नको इतका जाड झाला होता. आणि त्यापुढे एक शब्द आहे, आनुवंशिक. म्हणजे रक्तातून आलेलं आणि रक्तातून पुढे जाणारं.

आता माझी भीती कळली ना? मी कपाटातून रोज रुहानला बघत होतो. पोरगा फुटबॉलवेडा. ऊन उतरलं की मित्र खालून हाका मारायचे, "यल्ला, चल रुहान!" की हा बूट अडकवून पळालाच. परत यायचा तेव्हा दाराला टेकून उभा राहायचा. डाव्या हाताची मूठ छातीवर दाबलेली, ओठ पांढरे. ताजबी म्हणायची, "उन्हाचं आहे. लबन पी." तो थंडगार ताक पिऊन सोफ्यावर पडायचा. "आय अ‍ॅम फाइन, दादी. इट्स जस्ट द हीट." बाहेर गरम होतंच, त्यामुळे सगळ्यांना ते पटायचं. मी मात्र प्लास्टिकच्या आत घुसमटत होतो. वाटायचं, पंख्याच्या वाऱ्यानं फाईल खाली पडावी, घडी उलगडावी. पण इथे पंखा कुणी लावत नाही आणि एसीच्या वाऱ्यानं काचेचं कपाट उघडत नाही.

शाळेच्या संघात त्याची निवड होणार होती. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी लागली. त्याच फेरीत सुमैय्याला फाईलीच्या रंगीत प्रती काढायच्या होत्या, म्हणून तिच्या पिशवीतून मीही क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरीणबाईंनी रुहानची छाती तपासली आणि तय्यबला विचारलं, "घरात कुणाला हार्टचा त्रास? कुणी लहान वयात अचानक गेलंय?"

मी डॉक्टरांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होतो.

"नो, डॉक्टर. हार्टचं कुणालाच नाही," तय्यब म्हणाला. "एक भाऊ अमेरिकेत एक्स्पायर झाला. लेकिन वो तो कामाचं टेन्शन, डबल ड्युटी. हम लोग सगळे स्ट्राँग आहोत, इन्शाल्ला."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरात मरणाला कारण नसतं, वेळ असते, आणि तो तेच मानून मोठा झाला होता. सुमैय्यानंही मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी खेळायला परवानगी दिली. रुहाननं आनंदानं माझ्या पिशवीवरच थाप मारली. मी कितीतरी वेळ मनातल्या मनात ओरडत होतो, वाचा, मला उलगडा, वाचा! पण कागदाला ओरडता येत नाही.

निवडीचा सामना शुक्रवारी होता. गुरुवारी संध्याकाळी इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि रुहान जिन्यानं वर आला. दार उघडं होतं. तो उंबऱ्यावरच बसला. मूठ छातीवर, मान खाली. ताजबी ताकाचा पेला घेऊन पुढे आली आणि अर्ध्या वाटेत थांबली.

"असाच बसायचा," ती म्हणाली.

"कौन, दादी?" सुमैय्यानं विचारलं.

"मन्सूर. बंदरावरून चढण चढून आला की पायरीवर असाच बसायचा, मूठ दाबून. आणि माझा भाऊ..." ती रुहानकडेच बघत होती. "माझा भाऊ होडी ओढता ओढता वाळूत पडला. बाविशीतला पोर. मी म्हणायची, नजर लागली."

पेला तिच्या हातून खाली पडला. ताक सगळीकडे झालं. ते पुसायलाही कुणी वाकलं नाही.

"सुमैय्या, ती फाईल आण. त्यांनी माझ्या लेकाला चिरला ना, मग चिरून काय निघालं ते वाच."

"दादी, तुम्ही नको म्हणाला होतात..."

"वाच म्हणते ना मी!"

सुमैय्यानं मला ओढून काढलं. माझी घडी उलगडली आणि इतक्या दिवसांनी माझ्या खालच्या भागाला उजेड लागला. तिनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, मग फोनवर तो शब्द शोधला. तिचा चेहरा उतरत गेला. "आनुवंशिक," ती म्हणाली.

"आनुवंशिक म्हणजे काय गं?" ताजबीनं विचारलं.

"म्हणजे... आपल्या फॅमिलीतून आलेलं, दादी."

"माझ्याकडून?"

सुमैय्यानं रुहानचे बूट काढून घेतले, तय्यबला फोन लावला आणि मला तसंच उघडं पर्समध्ये घातलं.

अबुधाबीच्या मोठ्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टरांनी मला दोनदा वाचलं. मग रुहानच्या छातीवर यंत्र फिरवलं. पडद्यावर त्याचं हृदय दिसत होतं, त्याची एक भिंत जाड झालेली. डॉक्टर म्हणाले, "उद्या खेळला असता तर मी काहीच सांगू शकलो नसतो." रुहाननं भिंतीकडे तोंड केलं. "दॅट्स इट? नो फुटबॉल? एव्हर?" एवढंच बोलला. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. रागावला असेल तर रागावो. रागवायला तो आहे, हे मला पुरे आहे.

तय्यबच्या हृदयातही तेच निघालं, थोडं कमी. औषध सुरू झालं. सुमैय्याच्या तपासणीत काही निघालं नाही, ती सुटली. ताजबीनं स्वतःची तपासणी करून घेतली, पण निकाल ऐकला नाही. ती माझ्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "अल्ला त्या डॉक्टरला बरकत देवो." ज्यानं तिच्या मुलाला चिरला त्या डॉक्टरला, बरं का! मला रडू येतं, पण शाई पसरेल म्हणून आवरतो.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. पेन्शनसाठी, जागेच्या वारसासाठी, नाहीतर हौसेनं वंशावळीसाठी काढलेला. त्याला हात लावायची भीती वाटते, मान्य आहे. तरी एकदा खालपर्यंत वाचा. आणि मग घरातल्या लहानग्यांकडे बघा. एवढीच माझी विनवणी.

मी इथेच निरोप घेणार होतो. पण आज सकाळी डॉक्टरांनी सुमैय्याला विचारलं, "तुमच्या त्या काकांना मुलंबाळं होती का?"

माझ्यावर आईबापांसाठी चौकट आहे, बायकोसाठी आहे, दफन कुठे केलं त्यासाठीसुद्धा आहे. मुलांसाठी चौकटच नाही. मला काहीच माहीत नव्हतं. ताजबीनं सांगितलं तेव्हा कळलं. मन्सूर गेला तेव्हा त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली होती. मुलगी झाली. पुढे बाईनं दुसरं लग्न केलं आणि येणंजाणं तुटलं. ती मुलगी, यम्ना, आता शारजात असते. तिला तीन लहान मुलं आहेत आणि हल्ली जिना चढताना तिला दम लागतो, असं कुणीतरी एका लग्नात बोललं होतं.

सुमैय्यानं कुठून कुठून तिचा नंबर मिळवला आहे. मी टेबलावर उघडा पडलो आहे, माझ्या खालच्या ओळीवर तिचं बोट आहे. ताजबी शेजारी उभी आहे. फोन वाजतो आहे. पहिल्यांदा कुणी उचलला नाही, म्हणून तिनं परत लावला आहे.

वाजतोय. अजून वाजतोय. उचल गं यम्ना. पोरी, उचल.