धार दाव

मच्छिंद्र माझा सख्खा चुलता, म्हणून खरं लिहितो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्याच्याइतका खोटारडा दलाल दुसरा नाही. भाकड म्हैस दुभती म्हणून गळ्यात मारायची, ही त्याची तीस वर्षांची कमाई. स्वतः मात्र दात बघितल्याशिवाय आणि धार काढल्याशिवाय शेळीसुद्धा घेणार नाही.

असा माणूस मोबाईलवर फसायला निघाला.

घरी सहा गाई. धारा काढून काढून चुलतीची, रतनबाईची, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. भाकरी थापता येईना. डॉक्टर म्हणाले, धारा बंद करा. चुलता म्हणाला, "बघू." हे बघू चार वर्षं चाललं. शेवटी चुलतीनं माहेरची कालवड विकली, तीस हजार त्याच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, "मशीन आना. न्हाईतर गाई सोडून देते."

यानं लिलावाच्या ॲपवर दूध काढायचं मशीन गाठलं. फोटो चकचकीत, नव्याची किंमत साठ हजार. 'जय किसान' नावाचा कोणी गडी पाचशे-पाचशेनं बोली चढवत होता, तसा चुलत्याला चेव आला. अठ्ठावीस हजारावर बोली याच्या नावावर सुटली. मग खाटेवर असा बसला, जणू साखर कारखान्याचा चेअरमन झाला.

लगेच विकणाऱ्याचा फोन. "अभिनंदन आण्णा. पैसे ॲपवर टाकू नका, तिथं कमिशन कापतात. माझ्या नंबरवर टाका, संध्याकाळी टेम्पो निघतो."

चुलत्याचं बोट लगेच पैसे पाठवायला. मी हात धरला. "आण्णा, मशीन बघितलं का?"

"आरं, बोली सुटली. शब्द दिलाय. शब्द फिरवला तर बाजारात कोन उभं करील मला?"

शब्दाचा पक्का म्हणे! भाकड म्हैस विकताना हा शब्द कुठं चरायला जातो, देव जाणे.

चुलती चुलीपासून उठली. "स्पीकर लावा." आणि फोनकडं तोंड करून म्हणाली, "दादा, मशीन चालू करून दाव. व्हिडिओवर."

"मावशी, मशीन गोदामात आहे. किल्ली साहेबांकडं."

चुलतीनं फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "आता म्हनल, आजून तीन गिऱ्हाइकं लायनीत हायेत."

"लवकर करा मावशी, अजून तीन गिऱ्हाइकं लाईनीत आहेत."

"आता म्हनल, पन तुमचा सभाव आवडला."

"पण आण्णांचा स्वभाव आवडला, म्हणून थांबलोय."

मला हसू आवरेना. चुलत्याचं तोंड मात्र उतरलं. ही सगळी त्याचीच वाक्यं. दारात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हीच ऐकवायचा आणि चुलती आत चहा गाळता गाळता ऐकायची.

"आन् त्यो जय किसान," ती चुलत्याला म्हणाली, "तुमच्या बाजारातल्या सूर्यभानासारखा. भाव चढवायला उभा केलेला. तुमी त्याला भजी चारता, ह्यो काय चारतो कुनाला ठावं."

फोनमधून आवाज आला, "मावशी, विश्वास नाही का?"

"हाय की! पाठव मशीन. गाईला लावते, बादली भरली की तिथंच पैसं."

फोन बंद. पुन्हा लावला तर नंबरच बंद.

"वाचलो बुवा," चुलता म्हणाला. "माझं अठ्ठावीस हजार गेलं हुतं."

"तुमचं?" चुलतीनं बादली त्याच्यापुढं आदळली. "कालवड माझी हुती. मशीन येईस्तवर मशीन तुमीच."

पहिल्या दिवशी गाईनं लाथ मारली. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी हातातून चहाची बशी सुटली. बायकोच्या हातांकडं बघून चार वर्षांत जे कळलं नाही, ते या गड्याला तीन दिवसांत कळलं. याला माणूस म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

चौथ्या दिवशी मला घेऊन बेलापूरला गेला. तिथं एका गोठेवाल्याचं जुनं मशीन विकायला होतं. चुलत्यानं मशीनला हात लावला नाही, भाव विचारला नाही. म्हणाला, "आधी तुझ्याच गाईला लाव."

गोठेवाला हसला. "आण्णा, मशीन एक नंबर हाय. आजून तीन गिऱ्हाइकं..."

"गप," चुलता म्हणाला. "धार दाव."