साईच्या रंगाचं घर

"अगं, दार कुठे गेलं?"

मास्तर स्वतःच्याच घरात भिंत चाचपत उभे होते. जन्मभर शिवणकाम केलेलं. गिऱ्हाइकाच्या कापडाला कुठला दोरा जुळेल ते लांबूनच सांगायचे. आज त्यांना न्हाणीघराचं दार सापडत नव्हतं.

"डाव्या हाताला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "रंगच लावलाय, दार काही पळवून नेलं नाही कुणी."

गंमत म्हणजे रंग त्यांनीच निवडला होता. बापाचे डोळे अधू झाले म्हणून लेकीने घर उजळ करायचं मनावर घेतलं. उजेड परतवणारे फिकट रंग असलेलं कार्ड तिने पुढे धरलं. "बाबा, रंगातलं तुम्हालाच कळतं. तुम्हीच सांगा." मास्तरांना सगळे चौकोन सारखेच दिसले, पण तसं कबूल कोण करणार? त्यांनी एकावर बोट टेकवलं आणि ऐटीत म्हणाले, "हा. साईसारखा. दारांनाही हाच दे, एकसंध दिसेल."

घर एकसंध झालं. हिरव्या भिंती गेल्या, तपकिरी दारं गेली. ऊन आत आलं की सगळीकडे नुसता उजेड, आणि त्यात मास्तर चाचपडत. न्हाणीघर समजून कपाट उघडत. उजेड वाढला आणि दिसायचं कमी झालं, हे कुठलं गणित तेच त्यांना कळेना.

"लेकीला सांगू या का?" बायकोने विचारलं.

"म्हणजे ती आपल्याला तिच्या घरी घेऊन जायला मोकळी. मला इथून हलायचं नाही."

बायकोने मग त्यांचं जुनं काळं जाकीट न्हाणीघराच्या दारावर अडकवलं. दोन दिवस बरे गेले. रविवारी लेक आली. "नव्या रंगावर हे काय लोंबतंय?" म्हणत तिने ते काढलं आणि घडी घालून खुर्चीवर ठेवलं.

"छान दिसतं ना आता, बाबा?"

"लख्ख," मास्तर म्हणाले आणि उठले, कारण जायलाच हवं होतं. दोन पावलं टाकून ते थबकले. कुठे वळायचं? लेक पाहत होती.

बायकोने खुर्चीवरचं जाकीट उचललं, अंगात घातलं आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आई, एवढ्या उकाड्यात?" लेक हसली.

"कसकस वाटतेय जरा."

मास्तरांना समोर काळं काहीतरी दिसलं. ते सरळ चालत तिथवर गेले. त्यांची बोटं जाकिटाच्या खांद्याला लागली, स्वतः घातलेल्या शिवणीवरून फिरली.

"ढगळ होतंय तुला," ते हळूच म्हणाले. "उद्या आत घेतो."

सुईत दोरा ओवायलाही आता तीच लागत असे.

"बरं," ती म्हणाली आणि दार उघडून बाजूला झाली.