आयनारचा लाल डबा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइपरायटरला कागद लावला, दोनदा काढला. लोक म्हणतील, लार्सच्या डोक्यात थंडी गेली. म्हणू देत.

हाल्वर आणि आयनार ट्वेट, दोघं भाऊ. युकॉन नदीकाठच्या आमच्या गावात विमान कंपनी काढली ती त्यांनीच. दोन विमानं, चालवणारे ते दोघं, आणि इंजिनं बघायला मी. हिवाळ्यात विमानाला चाकांऐवजी स्की लावून गोठलेल्या नदीवरच उतरायचं. उतरलं की पहिलं काम म्हणजे इंजिनातलं गरम तेल डब्यात काढायचं आणि डबा आत चुलीपाशी ठेवायचा. इंजिनात राहिलं तर त्याचं डांबर होतं. सकाळी तेच परत ओतायचं. हाल्वरचा डबा निळा. आयनारचा लाल, एका बाजूला चेपलेला.

आयनार टपाल घेऊन डोंगरापलीकडे गेला तो परत आलाच नाही. लाल डबा रिकामा, खिळ्याला टांगलेला. हाल्वर रोज शोधायला उडायचा. मग वादळ आलं आणि तो माझ्याबरोबर खोपटातच अडकून पडला.

काल दुपारी मी लाकडं आणायला गेलो. आलो तर चूल विझलेली, हाल्वर बाकावर घोरतोय. आणि जमिनीवर लाल डबा. काठोकाठ भरलेला. हात लावला तर चटका बसला.

"हाल्वर, ऊठ. हे तू केलंस?"

"काय रे? कॉफी करतोयस की तेल उकळतोयस? तुझ्या हातचं दोन्ही सारखंच ला..."

डबा दिसला तसा तो ताडकन उठला. मग धावत जाऊन त्याने दार उघडलं. नदीवर नुसतं पांढरं. स्कीची एक खूण नाही.

"गरम आहे, लार्स. म्हणजे आत्ताच उतरलाय. जवळच आहे कुठेतरी. माझं इंजिन तापव."

"ह्या वादळात? स्वतःचे पंखसुद्धा दिसणार नाहीत तुला. मरशील!"

"तापव म्हटलं ना!"

निळ्या डब्यातलं तेल गारढोण होतं. त्याने लाल डबा उचलला. मी दारात आडवा उभा राहिलो.

"त्याच दिवशी परत उडायचं असेल, तर तू तेल काढतोस?"

"बाजूला हो."

"काढतोस का?"

"नाही," तो पुटपुटला.

"आयनारने काढलंय. सगळं. त्याचं उडणं संपलंय, हाल्वर."

तो तिथेच खाली बसला. डबा पुढ्यात. तेव्हा मला डब्याची कडी दिसली. तिच्यावर बर्फाची चार बोटं उमटली होती. डबा एवढा गरम, तरी ती वितळत नव्हती.

हाल्वरनेही पाहिली. मग डबा माझ्याकडे सरकवला.

"नाही उडत मी. पण हे गार होऊ देऊ नकोस. सकाळी त्याला हे तेल लागलं तर?"

मी चूल पेटवली.

"नाही होऊ देणार," मी म्हणालो. "मी आहे तोवर ही चूल विझणार नाही."