चढवलेली पट्टी

आमच्या हौशी संगीत नाटक मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते काही मी चांगला लिहितो म्हणून नाही. मंडळाच्या चाळीस वर्षांपैकी एकतीस वर्षं मी तिथे की-बोर्ड वाजवतोय आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात दुपारी कुत्रं फिरकत नाही, एवढ्यावर अध्यक्षांनी निकाल दिला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्यापुढे नाही म्हणायला तोंड उघडायचीच भीती वाटते.

सुरुवातीची पानं झरझर लिहून झाली. शाळेच्या व्यायामशाळेतल्या तालमी, घराघरांतून उचलून आणलेले पडदे, तीन नाटकांत राजाच्या अंगावर आणि चौथ्यात सोफ्यावर गेलेला तो मखमली झगा. मंडळ काढलं माझ्या मामांनी. ते चित्रकलेचे शिक्षक. मला एकोणिसाव्या वर्षी हाताला धरून त्यांनीच आणलं आणि कोणत्या गाण्याला बोटं कुठे ठेवायची तेही त्यांनीच शिकवलं.

एक नियमही त्यांनीच केला होता. दरवर्षी मुख्य भूमिका ज्यांना हवी असेल त्या सगळ्यांची आवाजाची चाचणी व्हायची. गाणं एकच, पट्टी एकच. शेवटच्या ओळीतला वरचा स्वर ज्याला लागणार नाही त्याने मागच्या घोळक्यात उभं राहायचं. यात संस्थापकालाही सूट नव्हती. मामा दरवर्षी गायचे आणि दरवर्षी तो स्वर गाठायचे. अठ्ठावीस वर्षं तेच नायक होते.

पण एकसष्टाव्या वर्षी टोप घालून पंचविशीतल्या नायिकेची मनधरणी करणारा नायक बघून लोक भलत्याच ठिकाणी हसायला लागले. शिवाय एक तरुण वकील मंडळात आला होता, देखणा आणि गोड गळ्याचा. एका संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंटच्या बाकांवर बसलो. मामांनी आता थांबावं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? जो तो दुसऱ्याकडे बघत होता. मग डॉक्टर मला म्हणाले, "तुझ्या त्या वाद्याला एक बटण आहे ना?"

होतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी फिरतात आणि सूर मात्र वर चढतो. छोट्या पडद्यावर आकडा दिसतो, पण मामा पडद्याकडे कधी बघायचेच नाहीत. ते माझ्या बोटांकडे बघायचे.

खरं सांगतो, मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. मामा मी लावलेल्या प्रत्येक चालीवर हात फिरवायचे, तेही सगळ्यांदेखत. मला त्याचा वीट आला होता. चाचणीच्या दिवशी मी ते बटण दोनदा दाबलं.

शेवटच्या ओळीला मामांचा आवाज फाटला. पुन्हा एकदा घेतो म्हणाले, पुन्हा फाटला. व्यायामशाळेत सगळेजण आपापल्या चपला निरखत होते. मामा हसले, हातातली संहिता वकिलाला दिली आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम." त्यानंतर बारा वर्षं ते एकही प्रयोग चुकवत नाहीत. पाचव्या रांगेत बसतात आणि सगळ्यात आधी टाळी वाजवतात. गाणं मात्र त्यांनी सोडलं ते सोडलंच. आणि मी दरवर्षी पडद्याआडून ती पाचवी रांग टाळून बघायला शिकलो.

गेल्या मंगळवारी इतिहासाचा खर्डा घेऊन त्यांच्याकडे गेलो. मामी तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते एकटेच असतात. त्यांनी चहा केला, मी बनवून दिलेला चष्मा लावला आणि एकेक पान सावकाश वाचलं. एका ठिकाणी थांबले.

"'संस्थापकांनी स्वखुशीने तरुणांना वाट करून दिली.' हे काय लिहिलंयस?"

"सगळे तसंच म्हणतात, मामा."

"सगळ्यांसमोर माझा आवाज फाटला होता. खरं ते लिही की. मी केलेल्या नियमाने मी बाहेर पडलो, त्यात लाजायचं काय?"

त्यांनी पेन काढलं, माझी ओळ खोडली आणि वर फळ्यावरच्यासारख्या वळणदार अक्षरात लिहायला लागले, 'संस्थापकांचा आवाज गेल्यामुळे'. मी नुसती मान हलवली असती तर सगळं निभावून गेलं असतं. पण ते अक्षर मला बघवेना. पानंच्या पानं पोरांच्या चुका दुरुस्त केलेल्या हाताने ते माझं खोटं लिहीत होते.

"मामा, आवाज गेला नव्हता," मी म्हणालो. "पट्टी मी चढवली होती."

पेन थांबलं. "किती?"

"दोन सूर."

"बोटं तर जागच्या जागी होती. मी बघत होतो."

मग मी बटणाचं सांगितलं. दवाखान्यातल्या बैठकीचं सांगितलं, डॉक्टरांचं नाव दोनदा घेतलं, बाकीच्यांचीही घेतली. इतक्या वर्षांनी कबुली द्यायला बसलो आणि तिथेही वाटेकरी शोधत होतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"दाबलं कोणी?"

"मी."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मलाच घाई सुटली. म्हणालो, "मामा, चाळिशीच्या सोहळ्यात तुम्ही गा. आपल्या जुन्या पट्टीत. मी वाजवतो. हवं तर दोन सूर खाली घेऊ. एकच कडवं गा, पण गा."

मामांनी पेनाला टोपण लावलं.

"तुझी मामी दवाखान्यात होती ना," ते म्हणाले, "शेवटच्या दिवसांत रोज म्हणायची, ते गाणं म्हणा ना एकदा. हळूच म्हणा, माझ्या कानाशी. मी म्हणायचो, अगं, आवाज कुठे राहिलाय आता? शेजारच्या खाटेवरचे हसतील. चार-पाच दिवस मागे लागली. मग तिने मागायचं सोडलं."

मी मान खाली घातली. हातातला चहा गार झाला होता, तो मी उगाचच प्यायलो.

"मला जमत होतं म्हणजे," मामा म्हणाले. मला नव्हे, स्वतःशीच. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. अडलेल्या मुलाने मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू आता गा म्हणतोस. कोणासाठी गाऊ, सांग."