लाकडांची खोली

तिने फोटो पुढे धरला, तेव्हा सायकली दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने आधी हात पुसले, मग चष्मा लावला. फोटो तिच्या वडिलांच्या लग्नातला होता. त्याआधीचा एकही घरात नव्हता.

"नाही ओळखत," तो म्हणाला.

"लहानपणी इथल्या बालगृहात होते. मुलं त्यांना मुकादम म्हणायची."

म्हाताऱ्याने फोटो परत दिला. रस्त्यापलीकडेच बालगृहाची बैठी इमारत होती. आता तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवत. तोही तिथेच वाढला, असं तिला गावात शिरताना कळलं होतं.

"तू त्याची कोण?"

"मुलगी. अंथरुणाला खिळलेत आता. आपल्याला कुणी नाही, एवढंच जन्मभर सांगत आले. म्हटलं, डोळे मिटण्याआधी नात्यातलं कुणी सापडलं तर बघावं."

"कुणी नाही म्हणाला?" म्हाताऱ्याने समोरचं चाक उगाच फिरवलं. "पाठची बहीण होती त्याला. दोघं एकदमच आली होती."

इतक्या वर्षांत ऐकलीसुद्धा नव्हती अशी आत्या भर रस्त्यात मिळाली होती.

"कुठे असते आत्या?"

तो उठला. तिला घेऊन इमारतीच्या मागे गेला. तिथे पत्र्याची एक बुटकी खोली होती. कडी बाहेरून.

"इथे जळणाची लाकडं असायची. अंथरूण ओलं केलं की रात्रभर इथे. किल्ली मुकादमाकडे, बालगृहाच्या साहेबांनीच दिलेली. एकदा बहिणीचंच अंथरूण ओलं निघालं. थंडी तर अशी, की बादलीतलं पाणी गोठलेलं."

"मग?"

"मग काय. साहेब म्हणाले, बहीण म्हणून सोडलीस तर बघ. त्याने कोंडली. आणि स्वतः दाराला टेकून बसला. ती आतून बोलायची, हा बाहेरून. आम्हाला सगळं ऐकू यायचं. पहाटे तिचा आवाज बंद झाला. त्याला वाटलं, लागला डोळा."

तिने कडीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"पण दार का नाही उघडलं त्यांनी?"

"दहा वर्षांचं पोर ते. साहेबांपुढे मोठी माणसंसुद्धा तोंड उघडत नव्हती."

घरी पोचली तेव्हा वडील उशीला टेकून बसले होते. तिने दूध कोमट केलं, त्यांच्या गळ्याशी रुमाल लावला.

"भेटलं कुणी?"

"नाही, बाबा. जुनं माणूस उरलं नाही तिथे. इमारतसुद्धा पाडली."

त्यांनी घोट बराच वेळ तोंडातच धरला.

"मागची खोलीपण?"

"तीपण," ती ठामपणे म्हणाली. "काही शिल्लक नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेची खूण दिसेल म्हणून ती पाहत राहिली. त्यांनी मात्र तिचं मनगट घट्ट धरलं.

"मग ती आता कुठे जाईल?"

कोण, असं तिने विचारलं नाही. दूध सांडत होतं. तिने मोकळ्या हाताने पेला तेवढा सावरला.