धाकटा बोर्ड

दुकान तळघरात होतं. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावल्याशिवाय गत नव्हती, आणि मिस्त्रींना हल्ली त्याची लाज वाटेनाशी झाली होती. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करत, त्यांच्या विहिरीत लोखंडी दोराच्या भरवशावर काढलेला माणूस. पडला कुठे, तर न्हाणीघरात, साबणाच्या वडीवरून. देवाची थट्टा करायची रीत निराळीच असते.

दुकानवाली बाई डोळ्याला भिंग लावून कसल्यातरी हिरव्या पट्टीवर सोल्डर करत होती. धुराची बारीक रेघ नाकाशी आली, आणि मिस्त्रींना बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं.

"या काका. काय देऊ?"

"एक छोटा कॉम्प्युटर. एका बोर्डावर सगळा असतो तसला. तळहातावर मावेल एवढा."

"काम काय करायचंय त्यानं?"

मिस्त्रींना बाई तिथेच आवडली. किमतीआधी काम विचारणारं माणूस भेटायला नशीब लागतं.

"मी सकाळी उठलो की मुलीला कळवायचं. बस्स."

बाईनं भिंग वर केलं. मग मिस्त्रींनी सविस्तर सांगितलं. मुलगी परगावी, इस्पितळात नर्स. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की न चुकता फोन करते. बाबा, जेवलात का, गोळी घेतलीत का. ते पडले तेव्हा शेजाऱ्याला हाक ऐकू जाईपर्यंत अर्धा दिवस फरशीवर होते. तेव्हापासून तिनं एकच धोशा लावला होता, एकतर वृद्धाश्रम, नाहीतर घरात कॅमेरा.

"मी तिला म्हटलं, मी काय बँकेचा दरवाजा आहे का? नुसता गंजीफ्रॉक घालून फिरतो मी घरात. कॅमेरा नको आणि आश्रमही नको. मी माझा बंदोबस्त करतो. ती म्हणाली, करून दाखवा. महिनाभर वेळ देते."

"मग दोन आहेत बघा," असं म्हणत बाईनं काउंटरवर दोन बोर्ड ठेवले. एक पत्त्याच्या कॅटाएवढा, कडेला खोबण्याच खोबण्या. दुसरा अंगठ्याएवढा, दोन्ही बाजूंना पिनांची ओळ. पाहताक्षणी मिस्त्रींनी मनात बारसं करून टाकलं, थोरला आणि धाकटा.

"हा मोठा म्हणजे पुरा कॉम्प्युटर. पडदा लावा, कॅमेरा लावा, मुलीशी समोरासमोर बोला. पण जागा व्हायला वेळ घेतो. आणि सगळं या मेमरी कार्डावर असतं. मधेच वीज गेली तर कधीकधी कार्ड बिघडतं आणि हा रुसून बसतो."

"आणि हा?"

"हा अंगठेबहाद्दर. वायफाय आहे, पण पडदा नाही, काही नाही. एक प्रोग्रॅम भरायचा, तेवढंच आयुष्यभर करतो. वीज गेली, आली, की डोळे चोळतसुद्धा नाही. लगेच कामाला."

मिस्त्रींच्या धंद्यात एक गोष्ट शिकाऊ असतानाच मुंजीच्या मंत्रासारखी कानात पडते: जिवाशी गाठ असलेल्या वस्तूत भाग जितके कमी, तितकं बरं. आणखी एक. लिफ्टचा ब्रेक विजेनं लागत नाही. विजेनं तो उघडा धरलेला असतो. वीज गेली की आपोआप बसतो. म्हणजे गप्प झालं की थांबलं, आणि थांबलं की घंटा.

"हा धाकटाच द्या."

"मोठ्यात बोलता आलं असतं, काका."

"बोलायला फोन आहे की," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार आठवलं.

लिफ्टच्या दाराला बारीक चुंबकाची चिप लागते, दार मिटलं की नाही ते सांगणारी. तसली एक त्यांनी चहाच्या कपाटाच्या दाराला बसवली. सकाळी चहाचा डबा काढायला दार उघडलं की धाकटा मुलीच्या फोनवर लिहिणार, 'बाबा उठले'. ठरल्या वेळेपर्यंत दार उघडलं नाही तर तिचा फोन कोकलणार. प्रोग्रॅम भरायला दुकानवाल्या बाईनं मदत केली. मिस्त्रींनी त्यात आपल्या हातानं एक ओळ वाढवली, की दिवसातला पहिलाच निरोप जावा, नंतर दार कितीही उघडलं तरी पोरीला त्रास नको.

काम चोख झालं. वीज गेली, वायफाय बसलं, पुन्हा उठलं, धाकटा डगमगला नाही. महिना उलटला तसा मुलीचा फोन आला.

"बाबा, जिंकलात. नाही नेत तुम्हाला कुठे. अहो, इतकं हलकं वाटतं ना. मी बसमध्ये असते, फोन टुंग करतो, बाबा उठले. माझा दिवस मोकळा."

"मग, कुणाचा बाप आहे?"

"लिफ्टवाल्याचा तोरा गेला नाही अजून."

दोघं हसली. त्या रात्री मिस्त्री राजासारखे झोपले.

त्यानंतर एका संध्याकाळी फोन आला नाही. ड्यूटी लांबली असेल. दुसऱ्या दिवशी निरोपाला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र आलं. काही दिवस रोज अंगठा येत राहिला. मग अंगठाही आटला. रविवारी फोन यायचा, तोही घाईत, बाबा मशीन लावलंय, बाबा दूध उतू जाईल. तिचं चुकत नव्हतं. जेवलात का, हे विचारायची तिला गरज उरली नव्हती. बाबा उठलेत म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिला रोज सकाळी धाकटाच सांगत होता.

मिस्त्री दुपारी उगाच कपाटाचं दार उघडत, मिटत, पुन्हा उघडत. मग त्यांना आठवे, ती ओळ आपणच घातली आहे. कपाटाच्या दारावर धाकट्याचा निळा ठिपका लुकलुके आणि गप्प होई. आज्ञाधारक होता बिचारा.

बरं, स्वतः फोन करावा, तर ते त्यांच्या हाडात नव्हतं. लिफ्टच्या कामात एक कडक रिवाज असतो. वर माणूस काम करत असताना त्याला खालून फोन करायचा नाही. हात चाकाच्या फटीत असतो, लक्ष उडालं की बोटं गेली. बायकोलाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. मी कामावर असताना फोन नको, मी करीन. तिनं ती मरेपर्यंत पाळली. आता मुलगी कामावर. तिच्या हातात सुई असेल, कुणाची नाडी असेल. ड्यूट्या रोज बदलत्या. ती कधी मोकळी असते ते ह्यांना काय कळणार? म्हणून वाट पाहायची. आणि वाट पाहता पाहता एक दिवस चहा गाळताना त्यांच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

चालू लिफ्टची कुणी चौकशी करत नाही.

हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? सगळी नोकरी त्यांनी हेच पाहिलं. नीट चाललेल्या लिफ्टसाठी कुणी कधी फोन करून म्हणालं नाही, मिस्त्री, आज छान चाललीय हो. अडकली की बारा जणांचे फोन. आणि त्याच माणसानं आपल्या हातानं स्वतःची अशी लिफ्ट करून ठेवली होती, जी कधीच अडकत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसलाच प्रकार.

ते पुन्हा तळघरात उतरले.

"तो थोरला द्या. वीज गेली की रुसतो म्हणालात, तो."

"का? छोटा बिघडला?"

"नाही. तोच तर बिघडत नाही."

बाईनं भिंग डोळ्यावरून काढून बाजूला ठेवलं. "काका, तुम्हाला बोर्ड हवाय की बिघाड?"

मिस्त्रींनी काउंटरवरची पिनांची डबी सरळ केली. ती सरळच होती.

"कधीमधी. महिन्यातून एखादा."

"तेव्हा तिचा फोन येईल, हे खरं," बाई शांतपणे म्हणाली. "पण तुम्ही उचलेपर्यंत तिच्या जिवाचं काय होईल, तेही बघा."

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं आली. दार फटीएवढं उघडल्यावर वर बघणारे ते चेहरे. घामानं भिजलेले. एकदा एक म्हातारी त्यांचा हातच सोडीना, खाली आणल्यावरसुद्धा. त्यांनी जन्मात कुणाची लिफ्ट मुद्दाम थांबवली नव्हती. आता पोटच्या पोरीची थांबवायला निघाले होते.

थोरला त्यांनी परत सरकवला.

"धाकट्याचा भाऊ आहे का आणखी एक?"

"आहे. त्यानं काय करायचं?"

"ती घरी आली की मला कळवायचं."

भावाच्या पाठीवर चुंबकाची चिप चढली, आणि त्याला डब्यात घालून पार्सल झालं. मुलीचा निरोप आला, 'बाबा हे काय नवीन?' ह्यांनी लिहिलं, 'दाराला चिकटव. वायफाय दे. बाकी मग सांगतो.' तिनं पुन्हा अंगठा पाठवला. पण चिकटवलं.

इकडे दिवा काय लावावा, याला मिस्त्रींना विचार करावा लागला नाही. भंगारात गेलेल्या एका लिफ्टचं बटण त्यांनी जपून ठेवलं होतं, पितळेचं, मजल्याच्या आकड्यामागे दिवा असलेलं. ते त्यांनी चहाच्या कपाटाशेजारी भिंतीवर बसवलं. तिकडे दार उघडलं की इकडे आकडा उजळणार, आणि चहा होईपर्यंत उजळलेला राहणार.

आणि मग ते बघत बसले.

त्यांच्या मनात मुलीचं घर म्हणजे वर्दळ होती. मैत्रिणी, शेजारणी, हसणं. दिव्यानं मात्र वेगळंच सांगितलं. कधी भर दुपारी उजळायचा, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. म्हणजे आली, ती एकटीच आत राहिली. कुणी आलं नाही, ही कुठे गेली नाही. कधी दिवस उलटून जायचा तरी दिवा नाहीच, म्हणजे ड्यूटीवर ड्यूटी. रविवारी फोनवर तिनं सुट्टी आहे म्हटलं, त्या दिवशी तर दार एकदाही उघडलं नाही. पोर दिवसभर घरातच, दार लावून. अगदी ह्यांच्यासारखी.

म्हणजे परगावी आणखी एक कपाट होतं, आणि त्यासमोर आणखी एक माणूस.

मिस्त्रींना बायको आठवली. ती हातानं काम करता करता देवाशी बोलत असे. आज नळाला पाणी नाही रे, आज आपल्या ठमीला ताप आहे. हे तिला चिडवायचे, "तुझा देव विसराळू आहे का? त्याला सगळं ठाऊक असतं ना? मग रोज रोज काय सांगतेस?" ती म्हणायची, "ठाऊक असतं हो. पण हाक मारल्याशिवाय दोघांनाही करमत नाही."

तेव्हा ते हसले होते. आता चहाचं आधण उकळून गेलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. धाकटा ठाऊक करून देतो. हाक त्याला मारता येत नाही. ती ज्याची त्यानंच मारायची, अन् ती मारायला आपला हात कुणी धरला होता?

सकाळी एकदा उजळलेला भिंतीवरचा आकडा दिवस मावळतीला पुन्हा उजळला.

म्हणजे ती आत्ता दारात. हातात सुई नाही. कुणाची नाडी नाही. आता फोन केला तर कुणाची बोटं जाणार नव्हती. तरी मिस्त्रींनी उचललेला फोन पुन्हा खाली ठेवला. इतक्या वर्षांचा रिवाज, तो काही एका दिव्यानं सुटत नाही. तेवढ्यात शेजारी धाकटा लुकलुकला, कारण कपाटाचं दार त्यांनी नकळत उघडलं होतं. त्यांनी फोन लावला.

घंटा पुरती वाजलीही नाही.

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"नाही ग ठमे. काही झालं नाही. उगाच केला."

 पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही कधी करत नाही म्हणून घाबरले. अहो, मी दारातच आहे अजून. चपला पण काढल्या नाहीत."

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाले. भिंतीवर आकडा उजळलेला होता. "काढ सावकाश. मी थांबतो."